बाप सोडून सगळ्यांना

श्यामरावांच्या नातवाचा फोटो निघाला आणि साऱ्या गोतावळ्यात फिरला. भंडाऱ्याला गेला, एकोडीला गेला, पार भिलाईला गेला. गेला नाही तो फक्त पोराच्या बापाकडे. आणि यात काही चुकलंय असं घरात एकालाही वाटलं नाही, याचाच सत्यवतीला सगळ्यात जास्त संताप होता.

ही गोष्ट अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी सालची. सत्यवती ही श्यामरावांची धाकटी सून. गाव मोहाडीच्या अलीकडचं, बैलगाडीने तासाभराचं. घरी धानाची शेती. नवरा इश्वर फौजेत ड्रायव्हर, आसामच्या बाजूला कुठेतरी. नेमका कुठे, ते घरात कुणाला सांगता येत नसे, कारण पत्त्यात गावाचं नावच नव्हतं, नुसते आकडे आणि एपीओ, म्हणजे फौजेचं पोस्ट. तो सुट्टी संपवून परत गेला तेव्हा तिला दिवस गेल्याचं नुकतं कुठे कळलं होतं. पोळ्याच्या सुमाराला गोपी झाला. तार गेली, आनंद झाल्याचं उत्तरही आलं, पण रजा काही मिळाली नाही.

इश्वरची पत्रं यायची ती वडिलांच्या नावावर. तीर्थरूप बाबांच्या चरणी नमस्कार, मग आईला, मग भंडाऱ्याच्या दादाला, मग पीकपाण्याची चौकशी, म्हशीची चौकशी, आणि सगळ्यात शेवटी ‘घरातील सर्व लहानांस आशीर्वाद’. त्या ‘सर्व लहानां’त गोपी कोंबलेला असे. श्यामराव अंगणात बसून पत्र मोठ्याने वाचत आणि सत्यवती दाराआड उभी राहून ऐके. म्हशीचं नाव घेऊन विचारतो माणूस, आणि पोराचं नाव घेत नाही! पण नवऱ्यावर तिचा राग नव्हता. त्याने विचारावं तरी कसं? त्या घरात बाप आपल्या वडीलधाऱ्यांसमोर स्वतःच्या लेकराला हात लावत नसे, त्याचं नाव घेऊन कौतुक करत नसे. केलं तर लाज सोडली म्हणत.

सासूबाई धुरपता तर ही गोष्ट अभिमानाने सांगायच्या. “तुहे मामाजी! माहे सासरे जिते होते तोवर इश्वरले एकदाबी कडेवर नाही घेतलं त्यायनं. पोट्टा रडून रडून निळा होये, पन हे उठून बाहेर जात. मर्यादा होती माय तेव्हा.” असं म्हणून त्या नवऱ्याकडे मोठ्या कौतुकाने बघत. श्यामराव सुपारी कातरत राहत.

फोटोचं निघालं ते संक्रांतीनंतर. भिलाईला तुलाराम नावाचा श्यामरावांचा मेहुणा होता, कारखान्यात कामाला. त्याने लिहिलं की नातू कोणावर गेला ते तरी दाखवा. झालं, श्यामराव पेटले. पुढच्याच बाजाराला गाडी जुंपली आणि सगळे मोहाडीला ताराचंदच्या दुकानात जाऊन बसले. ताराचंद तिथला फोटोवाला. दुकानात मागे एक रंगवलेला पडदा, त्यावर तळं, तळ्यात दोन बदकं आणि पलीकडे कधी कुणी न पाहिलेला बर्फाचा डोंगर.

धुरपताबाईंनी निघतानाच पोराच्या गालावर काजळाची तीट लावली होती. दुकानात आणखी दोन माणसं बसलेली दिसली, तेव्हा त्यांनी ती बोटाने आणखी मोठी केली. “काहून इतकी, बाई? भोक पडल्यावानी दिसन फोटोत,” ताराचंद म्हणाला.

“दिसू दे. लोकाच्या घरोघरी जाईन हा फोटो. कोन कोन पाहीन त्याचा काय नेम?”

पोराला मांडीवर कोण घेणार याचा वाद व्हायचं कारणच नव्हतं. श्यामराव फेटा नीट करून स्टुलावर बसले आणि गोपी त्यांच्या मांडीवर बसला. आजोबाला सगळी मुभा होती. बापाला जे करता येत नव्हतं ते आजोबाने भर बाजारात करावं. धुरपताबाई शेजारी उभ्या राहिल्या. सत्यवतीला बोलावण्याचं कुणाच्या मनातही आलं नाही. मात्र पोरगं रडायला लागलं तेव्हा तिची आठवण झाली. कॅमेऱ्याच्या बाजूला, खांबाला टेकून तिने उभं राहावं आणि खुळखुळा वाजवावा असं ठरलं. तिने वाजवला. गोपी हसला, ताराचंदने बटण दाबलं आणि म्हणाला, “झालं.”

झालं कसलं! फोटो धुवून यायलाच महिने गेले. रोल भरल्याशिवाय ताराचंद तो धुवायला काढत नसे, आणि लग्नं सुरू झाल्याशिवाय रोल भरत नसे. श्यामराव दर बाजाराला विचारत आणि दर वेळी ताराचंद म्हणे, अजून थोडे बाकी आहेत. तोवर इकडे गोपी पालथा पडायला लागला, रांगायला लागला, पुढचे दोन दात आले. फोटो हाती आला तेव्हा त्यातला बोळका पोरगा घरात उरलाच नव्हता.

फोटो मात्र चांगला निघाला. तीट खरोखरच भोकासारखी दिसत होती आणि पोराची नजर कॅमेऱ्याकडे नव्हती, बाजूला कुठेतरी होती. पण हसत होता, असा की बघणाऱ्याने हसावं. श्यामरावांनी चार प्रती काढून आणल्या होत्या. मानाप्रमाणे वाटणी झाली. थोरला मुलगा घनश्याम भंडाऱ्याला नोकरीत, त्याला एक. लेक मंदाबाई एकोडीला दिलेली, तिला एक. ज्याने विषय काढला त्या तुलारामला भिलाईला एक. उरलेली घरची, ती श्यामरावांनी आपल्या लोखंडी पेटीत ठेवली आणि कुलूप लावलं.

सत्यवती भाकरी थापत बघत होती. आता म्हणतील, मग म्हणतील. कुणी काही म्हणालं नाही. शेवटी सासूबाई एकट्या दिसल्या तेव्हा तिने धीर केला.

“आत्याबाई, आसामले नाही का धाडाचा एक?”

“कोनाले? इश्वरले?” धुरपताबाईंना खरंच नवल वाटलं. “त्यानं कुठी मागतला?”

“नाही मागतला. पन…”

“मंग? बापाले कायले फोटो? त्याचाच पोट्टा हाये, पळून चालला का कुठी? अन् तिथी धा जन पाहतीन, हसतीन त्याले. म्हनतीन, पाहा, बायकोनं पोराचा फोटो धाडला.” मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या, “असं मामाजीसमोर नोको बोलशीन.”

ती परत कामाला लागली. पण आतून नुसती धुमसत राहिली. भिलाईच्या मामांना, ज्यांना या पोराशी काडीचं घेणंदेणं नाही, त्यांच्या कपाटावर याचा फोटो असावा, आणि जन्मदात्याला याचं नाक कसं आहे हेसुद्धा ठाऊक नसावं! भिलाईहून कार्ड आलं, नाक आजोबांचं आहे. भंडाऱ्याहून कार्ड आलं, कपाळ आपल्या घराण्याचं आहे, मात्र पोरगा तिरळा पाहतो का ते डॉक्टरला दाखवा. सत्यवतीचं तर डोकंच फिरलं. तिरळा पाहत नाही हो, माझ्याकडे पाहतो आहे! पण हे ती सांगणार कुणाला?

स्वतःच पत्र टाकावं म्हटलं तर तिला चौथीपर्यंतचं मराठी येत होतं आणि तो फौजेचा पत्ता इंग्रजीतून लिहावा लागे. घरात तो एकट्या घनश्यामला लिहिता येई, घरी आला की तो पाकिटं आधीच लिहून ठेवी, आणि ती पाकिटं श्यामरावांच्या पेटीत, फोटोशेजारी.

अक्षय तृतीयेला मंदाबाई माहेरी आली. नणंद असली तरी मनाने मोकळी होती, इश्वरवर तिचा जीव होता. विहिरीवर दोघीच असताना सत्यवतीने तिचा हातच धरला. “मंदाबाई, तुमच्याजवळचा फोटो त्यायले धाडा ना. तुमी बहीन, तुमाले कोन हसनार?”

“हात्तिच्या! एवढंच ना? गेल्या गेल्या धाडतो म्हनून समज. आमच्या घरचे करून देतीन पत्ता.”

सत्यवतीने त्यानंतर पोस्टमनच्या सायकलकडे असे डोळे लावले की धुरपताबाईंनी दोनदा टोकलं. इश्वरचं पत्र आलं. त्यात म्हैस होती, पाऊस होता, ‘सर्व लहानांस’ आशीर्वाद होता. फोटोचं अवाक्षर नव्हतं. पुढे एकोडीहून एक जण आला तेव्हा त्याच्या बोलण्यातून कळलं की मंदाबाईच्या सासऱ्यांना तो फोटो इतका आवडला की त्यांनी भंडाऱ्याहून काच बसवून आणली आणि देवांच्या तसबिरींच्या रांगेत खिळा ठोकून लावला. आता मंदाबाई तो काढणार कशी? सासऱ्यांनी देवाशेजारी लावलेली वस्तू सुनेने खाली उतरवायची? सत्यवतीला तिच्यावर धड चिडताही येईना. दोघी एकाच घाण्याला जुंपलेल्या.

मग तिने जे केलं ते तिच्यासारख्या सुनेने करण्याजोगं नव्हतं. बाजाराच्या दिवशी शेजारणीबरोबर मोहाडीला गेली, बांगड्या भरायच्या म्हणून, आणि बांगड्यांचे पैसे मुठीत घेऊन ताराचंदच्या दुकानात शिरली.

“भाऊ, त्या फोटोची आनखी एक कापी पायजे.”

ताराचंदने चष्म्यावरून पाहिलं. “श्यामरावजीनं सांगतलं का?”

“मीच मांगून राहिली.”

“तसं नाही जमत, बाई. त्यायचा फोटो हाये. त्यायले विचारतो ना मी.”

“नोको विचारू!” ती इतक्या घाईने म्हणाली की ताराचंदचा संशय पक्का झाला. आणि त्या सज्जन माणसाने विचारलंच. श्यामराव बैलांची वेसण घ्यायला आले तर रस्त्यातच गाठून विचारलं, चार माणसांत.

त्या दिवशी श्यामराव खाली मान घालून जेवले. ताटावरून उठून हात धुतले आणि ओसरीवरून, सुनेकडे न बघता, बायकोला म्हणाले, “सत्यवतीले म्हना, आमचं चुकलं. तिच्या मायले एक फोटो द्याले पायजे होता. नात्यात सोयरे मोठे असतात. आमाले सुचलं नाही. मी ताराचंदले सांगून आलो.”

सत्यवती चुलीपुढे बसल्या जागी थिजली. माहेरासाठी! त्यांना वाटलं की हिला फोटो माहेरासाठी हवा होता. दुसरं काही असू शकतं असं त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. आणि हे सगळं इतक्या चांगुलपणाने, की वर आभार मानायची पाळी. धुरपताबाई म्हणाल्या, “पाहा, किती मोठं मन हाये तुह्या मामाजीचं. अन् तू फोटोवाल्याच्या दुकानात जाऊन लोकायले तमाशा दाखवतं.”

सांगावं का ओरडून, की माहेरासाठी नव्हता हो, तुमच्याच पोरासाठी होता? शब्द अगदी ओठांवर आले होते. पण सासऱ्यासमोर नवऱ्याचा विषय काढणारी सून त्या गावाने पाहिली नव्हती, आणि पहिली होण्याचं तिला धाडस झालं नाही. तिने परातीतलं पीठ इतक्या जोराने मळलं की परात वाजली.

फोटो लाखनीजवळ तिच्या माहेरी गेला. तिने आईला निरोप धाडला की तो पुढे जावयाला पाठव. आईचा, सीताबाईचा, उलट निरोप आला: जावयाला आपण होऊन फोटो पाठवायचा म्हणजे व्याह्यांचा अपमान, तुझं तुलाच कसं समजत नाही? सत्यवतीने त्यानंतर फोटोचं नाव टाकलं. गोपी धरून धरून उभा राहायला लागला होता. त्याचं जावळ काढायचं ठरलं, तेही निघालं. फोटोतला आणि आताचा यांत सारखं काही उरलंच असेल तर ते हसणं.

इश्वर आला तो दिवाळीनंतर, गावच्या मंडईच्या दिवशी. पत्र नाही, तार नाही. मंडई म्हणजे गावची जत्रा. घरोघरी पाहुणे, संध्याकाळी दंडारीचा नाचगाण्याचा खेळ बघायला सारं शिवार लोटतं. श्यामरावांचं अंगण माणसांनी भरलं होतं. एकोडीहून मंदाबाई, भंडाऱ्याहून घनश्याम, शेजारचे देवाजी आपल्या पाहुण्यांसकट. इतक्या नजरा एका ठिकाणी म्हणून धुरपताबाईंनी सकाळीच गोपीचा नवा अंगरखा काढून ठेवला होता आणि त्याला विटकं, खांद्यावर फाटलेलं झबलं घातलं होतं. डोकं तुळतुळीत, गालावर हे एवढं काजळ, नाक वाहतंय. उलट देवाजींचा नातू त्याच महिन्यातला, पण लाल जाकीट, भरघोस जावळ, पायांत वाजणारे जोडे. दोघं अंगणात धानाच्या काड्यांशी खेळत होते.

काळी ट्रंक डोक्यावर घेऊन इश्वर फाटकातून आत आला तसा एकच गलका झाला. त्याने वडिलांच्या पायांवर डोकं ठेवलं, आईच्या, दादाच्या. धुरपताबाई रडल्या. त्याला बाजेवर बसवलं, पाणी दिलं. सत्यवती स्वयंपाकघराच्या दारात आली आणि पदर पुढे ओढून तिथेच थांबली. त्याची नजर क्षणभर तिच्यावर येऊन गेली. किती वाळला होता!

चौकशा सुरू झाल्या. गाडी कुठे बदलली, तिकडे थंडी किती पडते, भात तिकडचं कसं. इश्वर नीट उत्तरं देत होता, पण त्याचे डोळे अंगणातल्या पोरांवरून हलत नव्हते. हे फक्त सत्यवतीला दिसत होतं. कुणीतरी म्हणेल, हा बघ तुझा. पण बापाला त्याचा पोरगा दाखवायचा असतो हे तिथे कुणाला सुचायचं नाही, आणि त्याने विचारायचं नव्हतं. घरचाच पोरगा, ओळखायचा काय त्यात?

इश्वरने ट्रंक उघडली, बिस्किटांचा पुडा काढला आणि पोरांना बोलावलं. सगळ्यांना सारखं वाटलं, रीत होती तसं. आपल्याला जास्त, दुसऱ्याला कमी असं काही केलं नाही. गोपीच्या हातावरही एक ठेवलं. पण देवाजींच्या नातवाला देताना त्याचा हात त्या पोराच्या डोक्यावर गेला आणि तिथेच राहिला. जावळातून बोटं फिरली. मग अंगठ्याने त्याने त्या लाल जाकीटवाल्याच्या ओठाला चिकटलेला चुरा पुसला, आणि त्याच्या तोंडाकडे असं पाहिलं, जसं वाळवंटातल्या माणसाने पाण्याकडे पाहावं. गोपी त्याच्या गुडघ्याशीच उभा होता, बिस्किट चोखत. त्याला बापाने जरासं बाजूला सारलं.

सत्यवतीच्या डोक्यात काहीतरी फाटलं. भिलाई, एकोडी, काच, खिळा, बांगड्यांचे पैसे, सगळं एकदम वर आलं. ती दारातून निघाली ती भरल्या अंगणातून सरळ चालत गेली. पदर सरकला, तो तिने सावरला नाही. सासऱ्यांच्या समोरून गेली, थोरल्या दिराच्या समोरून गेली, गोपीला काखेत धरून उचललं आणि नवऱ्याच्या मांडीवर आदळल्यासारखं बसवलं.

“हा हाये तुमचा. तो नाही. तो देवाजीमामाचा नातू.”

सगळ्यांच्या माना वळल्या. धुरपताबाई “अगं माय!” एवढंच म्हणाल्या. गोपीने त्या वर्दीतल्या अनोळखी माणसाकडे पाहिलं, ओठ काढले आणि भोकाड पसरलं. दोन्ही हात आईकडे करून तो मागे मागे जायला लागला. इश्वरने त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, सोडावं की धरावं ते कळत नसल्यासारखं. त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता.

“मले ओळखू नाही आला,” तो म्हणाला. कुणाला उद्देशून, ते नक्की नव्हतं. मग त्याने मान वर केली आणि जे आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. सगळ्यांसमोर बापाला उलटून बोलला. “बाबा, भिलाईच्या मामानं मले लिहिलं होतं, फोटो मस्त निघाला म्हनून. मी वाट पाहून राहिलो होतो. दर डाकेले.”

“मंग मागाचा ना,” श्यामराव म्हणाले.

“कसा मागू?”

श्यामरावांनी अडकित्ता खाली ठेवला. ते उठले. रागावून बाहेर निघाले असं सगळ्यांना वाटलं, पण ते आत गेले. कुलपाचा आवाज झाला. परत आले तेव्हा हातात फोटो होता. तो त्यांनी मुलासमोर धरला. पोरगं अजून रडतच होतं.

“तुहं तान्हेपनचं तोंड मले आठवत नाही, बापू,” ते म्हणाले. “कोनी विचारलं तर सांगता नाही येनार. तेव्हा पाहिलोच नाही मी.”

धुरपताबाईंनी डोळ्यांना पदर लावला. हीच ती मर्यादा, जिचं कौतुक त्यांनी जन्मभर सांगितलं होतं. सत्यवतीला सासऱ्यांची कीव आली, आणि कीव आली याचाही राग आला, कारण इतके महिने साठवलेला संताप आता ठेवायचा कुठे?

इश्वर एका हाताने रडणाऱ्या पोराला धरून फोटो बघत होता. फोटोतला पोरगा बोळक्या तोंडाने हसत होता. मांडीवरच्याला सहा दात होते आणि तो बापाच्या मनगटाला चावायच्या बेतात होता. इश्वरने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

“हा तिकडं कोनाकडे पाहून राहिला?” त्याने विचारलं. या वेळी बापाला नाही, आईला नाही. सरळ बायकोला, सगळ्या अंगणासमोर.

“माह्याकडे,” सत्यवती म्हणाली. “मी तिथीच उभी होती. मले कोनी बोलावलं नाही.”